लोखंडे यांचे राहून गेलेले मागणे

कल्याण तालुक्यातील शेतकरी, कारागीर व रेल्वे कामगार कुटुंबांच्या सभेत दिलेले व्याख्यान



आज रविवार. इतर दिवशी आपल्यातील निम्मी मंडळी कामावर असतात, म्हणून सभा रविवारी ठेवली. तरीसुद्धा पुढच्या रांगा रिकाम्या दिसतात. विचारले तेव्हा कळले की आज मेगाब्लॉक आहे, आणि रुळावर काम करणारी मंडळी पहाटेच फावडी-पहारी घेऊन गेली. ज्या ठाण्यात रविवारच्या सुट्टीचा पुरस्कर्ता जन्मला, त्या ठाणे-कल्याणच्या रुळांवर सर्वांत जास्त घाम रविवारीच गळावा, याचे आम्हांस हसू येते आणि वाईटही वाटते.

तो पुरस्कर्ता म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यास गरीब माळ्याच्या घरी जन्म. काही काळ रेल्वेत, काही काळ टपाल खात्यात नोकरी, पुढे गिरणीत स्टोअरकीपर. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा हा कार्यकर्ता. कृष्णराव भालेकरांनी पुण्यास काढलेला 'दीनबंधु' बंद पडला, तो १८८० साली लोखंडे यांनी मुंबईस पुन्हा उभा केला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली, ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. परंतु लोखंडे यांनी रविवार एवढाच मागितला नव्हता. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरली. साडेपाच हजार कामगारांच्या नावाने सरकारी कमिशनपुढे अर्ज गेला. त्यात आठवड्याची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर द्यावा हे होते. आणि त्यातच एक मागणे असे होते की कामावर असता ज्यास भारी दुखापत होईल त्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जो जन्माचा लुळा-पांगळा होईल त्याच्या पोटापाण्याची योग्य तजवीज व्हावी.

हे मागणे नीट ध्यानात घ्या. आज आम्ही त्याच एका मागण्याविषयी बोलणार आहोत. लोखंडे यांनी ते गिरणीकामगारांसाठी मागितले. आम्ही ते आपल्या दारावरून जाणाऱ्या रुळांना लावून पाहणार आहोत. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली, पुढच्या वर्षी मे महिन्यात ती कल्याणपर्यंत पोचली. तेव्हापासून आपल्या आगरी, कुणबी, कोळी, महार, कातकरी घरांतून पिढ्यानपिढ्या माणसे त्या रुळांवर गेली. घाट फोडताना किती गेली त्याची गणती कोणी ठेवली नाही. खंडाळ्याच्या घाटाचे काम घेतलेला कंत्राटदार ट्रेडवेल साहेब १८५९ साली वारला व त्याच्या मडमेने काम तडीस नेले, हे बुकांत सापडते. ज्या हजारो मजुरांनी सुरुंग उडवले आणि पटकीत प्राण सोडले, त्यांतील एकाचेही नाव सापडत नाही.

आता यार्डात काय चालते ते पाहू, कारण आपल्या बायाबापड्यांनी ते पाहिलेले नसते. घरधनी 'रेल्वेत आहे' एवढेच त्यांस ठाऊक असते. कल्याणास दोन वाटा फुटतात, एक कसाऱ्याकडून नाशिकला आणि एक कर्जतकडून पुण्याला. त्यामुळे तेथे डबे तोडणे, जोडणे, इंजिन बदलणे, मालगाड्या लावणे हे काम रात्रंदिवस चालते. जुन्या पद्धतीच्या डब्यांना दोन बाजूंस दोन ढोपरे असतात, त्यांस बफर म्हणतात, आणि मध्ये मळसूत्री सांधा. तो सांधा कसायला किंवा सोडायला माणसाने दोन डब्यांच्या मध्ये वाकून शिरावे लागते. तो आत असताना इंजिन दोन हात मागे सरले, की काम संपले. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारातील बरौनी स्थानकात हेच झाले. भर दिवसा, फलाटाला लागलेल्या गाडीचे इंजिन सोडविताना एक कामगार इंजिन व डबा यांच्यामध्ये सापडून मेला. लोकांनी त्याची छायाचित्रे काढली व ती देशभर फिरली. चार दिवस हळहळ झाली.

हा धोका काही दैवी नव्हे, तो लोखंडाच्या घडणीत आहे, आणि घडण बदलता येते. अमेरिकेत आपोआप अडकणारा सांधा जॅनी नावाच्या माणसाने १८७३ साली काढला, पण कंपन्यांनी तो खर्चाचे निमित्त सांगून वीस वर्षे लावला नाही. त्या मुदतीत यार्डातील कामगारांची बोटे व हात इतके तुटत की ज्याची सगळी बोटे शाबूत तो नवखा, असे लोक म्हणत. १८९३ साली तेथे कायदा झाला तेव्हा तो सांधा लागला व अपघात उतरले. जपानने तर वर्षानुवर्षे तयारी करून १७ जुलै १९२५ रोजी मुख्य बेटावरच्या गाड्यांचे सांधे एका दमात बदलून टाकले. आपल्याकडे मालडब्यांना तो सांधा हळूहळू बसला. जुन्या धर्तीचे प्रवासी डबे बांधणे मात्र मद्रासेच्या कारखान्याने २०१८ सालच्या आरंभी थांबविले, म्हणजे अमेरिकेच्या कायद्यानंतर सव्वाशे वर्षांनी. अक्कल नव्हती म्हणून हा उशीर झाला असे आम्हांस वाटत नाही. ज्याचा हात जातो तो खरेदीच्या बैठकीत बसत नाही, एवढेच त्याचे कारण.

यार्डात दुसरे भय आहे ते मुक्या डब्याचे. इंजिनाचा आवाज येतो, पण इंजिनाने ढकलून सोडलेला डबा उतारावर एकटा येतो तेव्हा आवाज करीत नाही. दोन रुळांच्या मधल्या वाटेने चालणाऱ्या माणसाला तो पाठीला लागल्यावरच कळतो. तिसरे भय डोक्यावरचे. पूर्वी मुंबईकडच्या तारांत १५०० व्होल्टची एकमार्गी वीज होती. ती बदलण्याचे काम मुंबईपर्यंत २०१५ साली पुरे झाले आणि आता तारेत २५,००० व्होल्ट आहेत. ही वीज शिवावी लागत नाही. शरीर किंवा हातातील सळई फार जवळ गेली की ती उडी मारून येते. डब्याच्या टपावर चढलेला माणूस भाजून खाली पडतो आणि पडल्याने हाडे मोडतात ती निराळीच.

रुळ राखणाऱ्या टोळीची गोष्ट याहून बिकट. ठाणे व दिवा यांच्यामधील पाचवी व सहावी मार्गिका १८ फेब्रुवारी २०२२ रोजी खुली झाली. गाड्या वाढल्या हे चांगलेच. आमचाही प्रवास सोपा झाला. पण टोळीतल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. एका रुळावर गाडी आली म्हणून तो बाजूस सरतो, तर बाजूसही रूळच आहे. एका गाडीच्या खडखडाटात दुसरीची शिट्टी बुडते. म्हणून टोळीबरोबर एक माणूस केवळ पाहण्यासाठी उभा ठेवावा, त्याच्या हाती शिट्टी व लाल झेंडी असावी, असा नियम आहे. टोळीत माणसे कमी असली की पहिला कमी होतो तो हाच माणूस. कारण तो काही उचलत नाही, म्हणून मुकादमाला तो रिकामटेकडा दिसतो.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे, आपल्या कसाऱ्याच्या वाटेवरच पुढे लासलगावाजवळ, तारांची देखभाल करणारी गाडी उलट दिशेने आली व रुळावर काम करणारे चार जण तिच्याखाली गेले. २२ जानेवारी २०२४ रोजी रात्री वसई व नायगाव यांच्यामध्ये सिग्नल दुरुस्त करणारे तिघे लोकल गाडीखाली गेले. या दोन्ही ठिकाणी मेलेले लोक रेल्वेचे जाणते नोकर होते, कोणी नवखे नव्हते. डॉक्टर अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये सरकारास अहवाल दिला. त्यात ऑक्टोबर २००७ ते ऑक्टोबर २०११ या चार वर्षांत कामावर असता ठार झालेले रेल्वे नोकर सुमारे १६०० व जखमी झालेले सुमारे ८७०० सांगितले आहेत. त्याच सुमारास गाड्यांच्या अपघातांत जेवढी माणसे मेली त्यांहून हा आकडा मोठा. गाडी रुळावरून घसरली की मंत्री धावतात. रोज एक सांधेवाला किंवा टोळीवाला गेला तर त्याची बातमी चार ओळींत आटोपते.

मेलेल्यांची निदान मोजणी होते. आमचा आजचा विषय मुख्यतः त्या ८७०० लोकांचा आहे. मेलेल्याच्या घरी लोक सांत्वनाला येतात, पाय गेलेल्याच्या घरी तीन महिन्यांनी कोणी फिरकत नाही. तो ओटीवर बसलेला असतो, बायको दुसऱ्याच्या शेतावर किंवा डोंबिवलीच्या कारखान्यात जाते, आणि थोरला मुलगा शाळेतून कमी होतो. आमच्या हजेरीपटावर आम्ही हे पाहिले आहे. सातवीतला हुशार मुलगा दिवाळीनंतर आला नाही. चौकशी केली तर बापाच्या उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे रुळाच्या तुकड्याखाली गेली होती. बाप कंत्राटदाराकडे होता. कंत्राटदाराने दवाखान्याचे बिल भरले, वर वीस हजार रुपये रोख दिले, आणि एका कागदावर डाव्या हाताचा अंगठा घेतला. उजवा तर राहिलाच नव्हता. एकलव्याचा अंगठा घेताना द्रोणाने निदान कागद तरी करून घेतला नव्हता!

आता त्या कागदाचा हिशेब आम्ही शाळामास्तरच्या रीतीने फळ्यावर मांडतो, कारण हा हिशेब आपल्या लोकांस कोणी शिकविलेला नाही.

लोखंडे यांच्या मागणीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९२३ साली, कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला व १ जुलै १९२४ पासून लागू झाला. हा कायदा रेल्वेच्या कचेरीत बसणाऱ्यांसाठी नव्हता, रुळावर व यार्डात राबणाऱ्यांसाठी होता. त्यात शरीराच्या अवयवांचे एक कोष्टकच दिले होते. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर शंभरांपैकी शंभर, एक पंजा गेला तर साठ, एका हाताची चार बोटे गेली तर पन्नास, अंगठा गेला तर तीस, तर्जनी गेली तर चौदा. रकमेची रीत अशी: जो जन्माचा निकामी झाला त्याच्या महिन्याच्या पगाराचा शेकडा साठवा हिस्सा घ्यावयाचा व त्यास वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणावयाचे. मृत्यू झाला तर साठाऐवजी पन्नास. हिशेबात धरावयाचा पगार ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने जास्तीत जास्त १५,००० रुपये ठरला. आता समजा माणूस चाळीस वर्षांचा आहे व पगार पंधरा हजार. साठ टक्के म्हणजे ९,०००. चाळीस वर्षांचा आकडा १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. त्याचे शेकडा तीस, म्हणजे नुसत्या अंगठ्याचे, ४,९७,२५९ रुपये. दोन बोटांचे आणखी वेगळे. आणि त्या कागदावर किती लिहिले होते? वीस हजार.

हा १९२३ चा कायदा जवळजवळ एक शतक चालला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो घातला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कलमांचे आकडे बदलले, ज्यास पूर्वी आयुक्त म्हणत त्याचे नाव बदलले, पण साठ व पन्नास टक्क्यांची रीत तशीच ठेवली आहे. घरून कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचाही, कामाशी त्याचा संबंध दिसत असल्यास, त्यात विचार आहे. कसाऱ्याहून रात्रपाळीला येणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांची वाट निराळी आहे, त्यांनी त्या कचेरीत जावे.

कोष्टकात एक उणे आहे. कागदावरचा अंगठा सर्वांचा सारखाच, पण कारकुनाचा अंगठा आणि सुताराचा अंगठा एक नव्हे. येथे सुतार, लोहार, कुंभार मंडळी बसली आहेत, त्यांस हे सांगावयास नको. यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, डिसेंबर १९७५ चा. ओरिसाकडील एक सुतार इमारतीवर काम करीत असता पडला व त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला की कोष्टकाप्रमाणे काय होईल ते घ्या. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकी होत नाही. म्हणून सुतार या नात्याने हा माणूस शंभर टक्के निकामी झाला, पुरी भरपाई द्या. शिवाय भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणे लागते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, असेही ठरविले. हा निकाल प्रत्येक कारागिराच्या घरात ठाऊक असला पाहिजे. रूळ जोडणारा, पहार मारणारा, सांधा फिरविणारा हादेखील आपल्या हाताचा कारागीरच आहे.

आता दोन भावांचे उदाहरण घ्या. एक रेल्वेत कायम आहे, दुसरा कंत्राटदाराकडे. दोघे एकाच यार्डात, एकाच चाकाखाली पाय गमावतात. पहिल्यास रेल्वेचा दवाखाना आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने त्यास नोकरीवरून काढता येत नाही व त्याचा दर्जाही उतरविता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते, तसे काम नसेल तर त्याच्यासाठी जागा निर्माण करावी लागते. म्हणजे लोखंडे यांचे मागणे या भावापुरते बव्हंशी पुरे झाले. दुसऱ्या भावास अपघाताच्या दुसऱ्या दिवशी हजेरीपटातून नावच काढून टाकतात. काही ठिकाणी तर नाव मुळी लिहिलेलेच नसते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पहिल्या भावाकडे असलेली कितीतरी कामे आज दुसऱ्याकडे गेली आहेत. तेव्हा हक्क मिळालेला वर्ग लहान होत चालला व न मिळालेला वाढत चालला. मुंबईची रेल्वे वाढविण्याच्या ज्या योजनेला केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये मंजुरी दिली तिच्यात कल्याण यार्डाची फेररचनाही आहे. तेथे रूळ टाकणारे हात बहुतेक दुसऱ्या भावाचेच. तो आज मुरबाडचा असेल, नांदेडचा असेल, बिहारचा असेल. बिहारी म्हणून त्याच्याकडे पाठ फिरविणाऱ्यांनी हे समजावे, की त्याचा पाय स्वस्त झाला की आपलाही स्वस्त होतो.

तरी कायदा दुसऱ्या भावास अगदीच वाऱ्यावर सोडीत नाही. ज्याचे काम कंत्राटाने करून घेतले त्या मूळ मालकाने भरपाई द्यावी व मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती व नव्या संहितेतही आहे. 'कंत्राटदार पळाला, आता कोणाकडे जाणार?' हे रडगाणे म्हणून खरे नाही. दावा मूळ मालकावरही लावता येतो.

येथे आम्हांस एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. त्यांनी दाखवून दिले की रेल्वेत अस्पृश्य माणूस टोळीत शिरतो तो टोळीतच म्हातारा होतो. त्यास पोर्टरदेखील करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते व तेथे विटाळ आडवा येतो. गिरण्यांत विणखात्याची दारे त्यास बंद होती, तीही भटजीने बंद केली नव्हती. ती आपल्याच मराठा-कुणबी भावांनी बंद केली होती. ब्राह्मणेतर म्हणविणाऱ्या आपण सर्वांनी हे मनाशी कबूल केले पाहिजे. सर्वांत धोक्याचे काम सर्वांत खालच्या पायरीवर ढकलावयाचे, आणि मग तेथला माणूस मेला की तो अडाणी होता म्हणावयाचे, ही जुनी खोड आहे. जन्माने ढकलत होते ते आता कंत्राटाने ढकलतात.

अपघात झाला की दोन ठराविक शब्द ऐकू येतात. साहेब म्हणतो 'निष्काळजीपणा', आणि गावात म्हणतात 'नशीब'. आम्ही दोन्ही शब्द एकाच तागडीत घालतो. निष्काळजीपणाचे पाहा. कायद्याने भरपाई नाकारता येते ती माणूस दारूच्या नशेत असला, किंवा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षणाचे साधन मुद्दाम काढून टाकले तर. नुसते लक्ष चुकणे यात बसत नाही. आणि मृत्यू किंवा पुरते निकामीपण आले तर हीही कारणे चालत नाहीत. बारा तास उभा राहिलेला माणूस पहाटे चार वाजता एक पाऊल चुकतो, त्याला निष्काळजी म्हणणारा साहेब त्या वेळी कोठे असतो? चोर सोडून संन्याशाला सुळी, अशातला हा प्रकार. कीमन रुळावरून नेमलेले अंतर चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या अंगावर जीपीएसचे यंत्र दिले. गाडी येत आहे असा इशारा देणारे 'रक्षक' नावाचे यंत्रही निघाले आहे. दोहोंपैकी कोणते आधी सर्वांच्या हाती पडावयास हवे होते, हे पाचवीतला पोरही सांगेल.

आणि नशीब! पाय तुटला की पत्रिका काढतात. साडेसाती निघते. शांत करावी लागते, ब्राह्मणभोजन घालावे लागते, आणि आता तर आपल्याच जातीतले नवे देवऋषी निघाले आहेत, ते भटजीहून महाग पडतात. ज्या घरात कमावता हात नाही त्या घरातून पंधरा-वीस हजार रुपये शनीला जातात. शनीने डबा ढकलला नव्हता. पाहणारा माणूस नेमला नव्हता, दिवा लागला नव्हता, ठरल्यापेक्षा माणसे कमी होती. ज्याचे कारण माणसाच्या हिशेबात सापडते ते आकाशात शोधावयास जाऊ नका, एवढेच जोतीरावांचे शिष्य म्हणून आमचे सांगणे. शनीच्या या खटाटोपात मुदतही निघून जाते. १९२३ च्या कायद्यात दावा दोन वर्षांच्या आत लावावयाचा होता. आपण ती मुदत मनात धरून चालावे, आणि खरे तर दोन महिनेही थांबू नये.

भगिनींनो, यापुढचे तुमच्यासाठी, कारण घरधनी दवाखान्यात असतो तेव्हा कागद तुमच्या पुढे येतो. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. ठेकेदाराचा माणूस 'बाई, आपसांत मिटवू' म्हणेल. आपसांत केलेला करार आयुक्तापुढे नोंदला गेला नाही तर मालक पुऱ्या रकमेतून सुटत नाही, असे जुन्या कायद्याने ठेवले होते. मृत्यूची भरपाई, आणि स्त्रीला द्यावयाची ठोक रक्कमही, मालकाने आयुक्ताकडेच भरावयाची होती. परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाईत धरली जात नव्हती. तेव्हा औषधपाण्याला कोणी पैसे दिले तर घ्या, नाही म्हणू नका, पण त्याखाली 'पुरी भरपाई पोचली' असे लिहू देऊ नका. अपघाताची तारीख, वेळ, जागा, कोणत्या रुळावर, बरोबर कोण होते, हे त्याच रात्री मुलाकडून वहीत लिहवून घ्या. दवाखान्याच्या केसपेपरावर 'रेल्वे यार्डात काम करताना' हे शब्द आहेत का ते पाहा. कित्येकदा 'रूळ ओलांडताना' असे लिहिलेले असते, आणि त्या दोन शब्दांनी कामगाराचा वाटसरू होतो व सारा हक्क बुडतो. हजेरीचे कार्ड, गेटपास, पगार ज्या खात्यात जमा होतो त्याचे पासबुक, मोबाईलवर मुकादमाने धाडलेला निरोप, यांतील काही फेकू नका. वकिलाच्या फीला भिऊ नका. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना व औद्योगिक कामगारांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. ठाण्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तेथे अर्ज द्यावा. नवऱ्याचा पाय गेला म्हणून कोर्टाच्या पायऱ्या बाईने का चढाव्या, असे दीर-सासरे म्हणतील. त्यांना सांगा की सावित्रीबाईंनी शेणगोळे खाऊन जी शाळा चालविली ती याच कामासाठी.

ज्यांचा पाय गेला आहे त्यांच्यासाठीही थोडे बोलतो. विलायती धर्तीच्या लाकडी पायाला बूट लागे. त्याने उकिडवे बसता येत नसे, चिखलात चालता येत नसे. १९६८ सालच्या सुमारास जयपूरला डॉक्टर प्रमोद करण सेठी व रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय बनविला. शर्मा हे डॉक्टर नव्हते. ते जेमतेम चार इयत्ता शिकलेले, परंपरेचे कारागीर. आपला माणूस जमिनीवर बसतो, अनवाणी शेतात जातो, झाडावर चढतो, हे त्यांस ठाऊक होते, म्हणून त्यांनी तसा पाय केला. तो पाय लावून माणसे भातलावणी करतात. आपल्या गावात ज्यांच्या ओटीवर असा माणूस बसून आहे त्यांनी त्यास तसेच बसवून ठेवू नये. मात्र पाय मिळाला म्हणून दावा सोडू नये, त्या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

सभेस जे आज कामावरून येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी यातील निदान कागदांचा भाग सांगावा. ज्यांच्या घरी असा अपघात झाला असेल, मग तो या वर्षीचा असो वा मागल्या वर्षीचा, त्यांनी असतील ते कागद, फाटके असले तरी, पिशवीत घालून शनिवारी शाळा सुटल्यावर आणावे. आम्ही व आमचे दोन सहकारी वाचून दाखवू आणि अर्ज लिहून देऊ. अर्जाचे काही घेणे नाही. येताना एक कोरी वही मात्र घेऊन यावी.